स्वीडनमधील शरद सत्राचे शेवटचे सहा आठवडे : परतीची कामे कोणत्या क्रमाने करावीत

स्वीडनमधील शरद सत्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते आणि जानेवारीच्या मध्यावर संपते. एका सत्रासाठी आलेला विद्यार्थी नोव्हेंबरच्या शेवटी दिनदर्शिका पाहतो, तेव्हा त्याला पुढचे सहा आठवडे भरपूर वाटतात. पण त्यातले जवळजवळ दोन आठवडे नाताळच्या सुट्टीत जातात. २३ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे स्वीडिश लोक ज्याला त्रेत्तोनदेदाग म्हणतात त्या दिवसापर्यंत, विद्यापीठाची आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या संस्थांची बहुतेक कार्यालये बंद असतात किंवा मोजक्या माणसांवर चालतात. उरलेल्या चार आठवड्यांत परीक्षा असतात, आणि दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळतो.

मी उप्साला येथे शिकत होते, त्यामुळे या लेखातील तपशील प्रामुख्याने त्या शहराचे आहेत. लुंड, गॉथेनबर्ग किंवा उमेओ येथे ठिकाणे बदलतील, पण कामांचा क्रम फारसा बदलणार नाही. आणि या सगळ्या तयारीत क्रमालाच सर्वाधिक महत्त्व आहे, असे माझे ठाम मत आहे. यातले एकही काम अवघड नाही. मात्र चुकीच्या क्रमाने केलेले एक काम पुढच्या तीन कामांचा रस्ता बंद करते, आणि तो रस्ता भारतात परतल्यावर उघडणे फार कष्टाचे होते.

पहिले काम : चार तारखा एका कागदावर

विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी, किंवा आधीच काढले असेल तर आजच, चार तारखा एका कागदावर लिहाव्यात : शेवटच्या परीक्षेची, खोलीचा करार संपण्याची, निवास परवान्याची आणि आरोग्य विम्याची. या चारही तारखा एकमेकींशी जुळतातच असे नाही. निवास परवान्याच्या कार्डावर छापलेली तारीख सत्राच्या शेवटाच्या जवळपास असते, आणि एखादी परीक्षा किंवा प्रबंधाचे सादरीकरण लांबले, तर तुम्हाला परवान्याच्या शेवटच्या दिवसानंतर राहावे लागेल की काय, हा प्रश्न नोव्हेंबरमध्येच सुटला पाहिजे. मुक्काम वाढवायचा असेल, किंवा पदवी पूर्ण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी राहायचे असेल, तर मिग्रेशन्सवेर्केट या स्थलांतर विभागाकडे जुना परवाना चालू असतानाच अर्ज करावा लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून अटी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात वाचाव्यात. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

महाराष्ट्रातून विनिमय कार्यक्रमात आलेल्या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण असते. आपल्याकडील महाविद्यालयांचे पुढचे सत्र डिसेंबरमध्ये किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, तर इथली शेवटची परीक्षा अनेकदा ६ जानेवारीनंतर असते. ‘मला लवकर परत जायचे आहे, परीक्षा आधी घ्या’ असे म्हणण्याचा हक्क विद्यार्थ्याला नसतो. पण प्राध्यापकांना नोव्हेंबरमध्ये विचारले, तर काही वेळा परीक्षेऐवजी लेखी प्रकल्प किंवा दुसरी सोय निघते. डिसेंबरच्या मध्यावर विचारले, तर निघत नाही. त्याच वेळी आपल्या मूळ महाविद्यालयालाही सत्राच्या तारखा दाखवणारे अधिकृत पत्र पाठवून ठेवावे, म्हणजे हजेरीवरून पुढे वाद होत नाहीत.

टेंटा

परीक्षेला स्वीडनमध्ये सगळे ‘टेंटा’ म्हणतात. लेखी टेंटा बहुधा चार ते पाच तासांची असते. तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती नोंदणी लाडोक या प्रणालीतून होते. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षेलाही नाव लागले, असा आपला समज असतो. इथे तसे नसते. नोंदणीची मुदत बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या एक-दोन आठवडे आधीच संपते, त्यामुळे तारीख कळताच नोंदणी करावी आणि मिळालेला अनामिक क्रमांक लिहून ठेवावा. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी तोच क्रमांक घालायचा असतो.

परीक्षागृहात पासपोर्ट न्यावा. निवास परवान्याचे कार्ड छायाचित्रासह असले, तरी ते ओळखपत्र मानले जात नाही. कोट आणि पिशवी भिंतीपाशी ठेवावी लागते. जवळ पेन, पाणी आणि खायला काहीतरी ठेवता येते. सोबतचे विद्यार्थी सोललेले गाजर, केळी, डब्यातले सँडविच अगदी शांतपणे बाकावर मांडतात, हे पहिल्यांदा पाहून नवल वाटते, पण पाच तासांत त्याची गरज पडते. व्याख्याने घोषित वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होण्याची उप्सालाची जुनी पद्धत परीक्षेला लागू होईल असे गृहीत धरू नये. दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी पोचावे, आणि रस्त्यावर बर्फ असेल तर त्याहून आधी.

निकालाला कामाचे सुमारे पंधरा दिवस लागू शकतात. मध्ये नाताळ आला की हा हिशेब जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत जातो, म्हणजे शेवटचे गुण तुम्ही घरी पोचल्यावर कळतात. इथेच पहिली मोठी चूक होते. विद्यापीठाच्या खात्यात शिरताना मोबाईलवर येणारा दुसरा संकेत अनेकांनी स्वीडिश क्रमांकाशी जोडलेला असतो. सिमकार्ड बंद झाले की लाडोकचे दार बंद होते, आणि गुणपत्रिका आतच राहते. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी ही जोडणी भारतीय क्रमांकावर किंवा फोनमधील ॲपवर न्यावी, खात्यातून एकदा बाहेर पडून पुन्हा आत जाऊन पाहावे, आणि विद्यापीठाचे खाते सत्रानंतर किती काळ चालू राहते हे संगणक मदतकक्षाला विचारून घ्यावे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, म्हणजे ‘ओमटेंटा’, कधी असते आणि ती भारतातून देता येते का, हेही निकालाची वाट न पाहता विचारावे. प्रत्येक विभागाचे उत्तर वेगळे असते.

उजेडाचे वेळापत्रक

उप्साला ६० अक्षांशाच्या अगदी जवळ आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य सकाळी पावणेनऊनंतर उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो, त्यामुळे सावल्या दिवसभर संध्याकाळसारख्या लांब पडतात. दक्षिणेकडील लुंडमध्ये दिवस सुमारे सात तासांचा असतो, उत्तरेकडील उमेओमध्ये साडेचार तासांचा, आणि किरुनाला डिसेंबरमध्ये काही आठवडे सूर्य उगवतच नाही. मुंबईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या शरीराला हा बदल किती जड जात असेल याची कल्पना येते. झोप लागत नाही, किंवा उठवत नाही. अभ्यासाला बसल्यावर मन लागत नाही. घरची आठवण अचानक तीव्र होते. याला मनाचा कमकुवतपणा समजू नये. स्वीडिश लोकांनाही हे होते, आणि ते त्यावर उघडपणे बोलतात.

उपाय साधा आहे, पण तो वेळापत्रकात लिहून ठेवावा लागतो. अकरा ते एक या वेळेत बाहेर पडावे, ढग असले तरी. कार्यालयांची ईमेल, अर्ज, आवराआवर ही सगळी कामे अंधारात करता येतात. उजेडात त्यांना हात लावू नये. उप्सालात मी फिरिस नदीच्या काठाने कॅथेड्रलपर्यंत चालत जाऊन परत येत असे. अर्धा तास लागायचा, आणि त्या अर्ध्या तासानंतरचे दोन तास अभ्यासाला खरोखर उपयोगी पडायचे. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या औषधांच्या दुकानात सहज मिळतात. किती घ्याव्यात हे तिथल्या फार्मासिस्टला विचारावे. मन फारच खचले, तर विद्यार्थी आरोग्य केंद्राची वेळ घ्यावी, आणि आजारपणात कुठे जावे हे कळत नसेल तर ११७७ या क्रमांकावर फोन करावा. तिथे दिवसरात्र परिचारिका सल्ला देतात.

बर्फापेक्षा बर्फ वितळून पुन्हा गोठलेला रस्ता अधिक धोक्याचा. तापमान शून्याच्या वरखाली होत राहिले की पदपथावर काचेसारखा थर तयार होतो आणि त्यावर पावडरसारखे हिम पडले, तर तो दिसतही नाही. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे, ज्यांना ‘ब्रोद्दार’ म्हणतात, ते फारसे महाग नसतात. शेवटच्या महिन्यात हात मोडून घेण्यापेक्षा ते घ्यावेत. चालताना पावले लहान टाकावीत आणि शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवावा. जुन्या इमारतींच्या भिंतीला टेकवून ठेवलेली काठी किंवा पिवळी-लाल फळी दिसली, तर तिथून चालू नये : छपरावरून हिमाचे ढीग घसरण्याची ती सूचना असते. कोटाला परावर्तक लोंबता ठेवावा. गडद कपड्यांतला माणूस मोटारीच्या मंद दिव्यांत २० ते ३० मीटरवर आल्यावरच दिसतो; परावर्तक असेल, तर सुमारे १२५ मीटरवरून. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अंधारात कायद्यानेच लागतो.

नाताळापूर्वी उरकायची कागदपत्रे

ज्या कागदावर कोणाची तरी सही किंवा शिक्का लागतो, तो प्रत्येक कागद २० डिसेंबरच्या आत हातात आला पाहिजे. मुक्कामाच्या कालावधीचे प्रमाणपत्र मूळ महाविद्यालय मागत असेल, तर त्यावर आंतरराष्ट्रीय कार्यालयाची सही लागते; काही ठिकाणी ती सही विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष निघण्याच्या दिवसांतच मिळते, म्हणून सुट्टीत तिथे कोण असेल हे विचारून ठेवावे. लाडोकमधून गुणपत्रिका स्वतःच उतरवून घेता येते, आणि तिची सत्यता ऑनलाइन पडताळता येते. निकाल अर्धवट असला, तरी निघण्यापूर्वी एक प्रत उतरवून ठेवावी. प्रत्येक अभ्यासक्रमाचा पाठ्यक्रम आणि वाचनयादीही जतन करावी : ३० हॉगस्कूलेपोएंग, म्हणजे एका पूर्ण सत्राचे श्रेयांक, आपल्या विद्यापीठात कसे धरायचे यावर चर्चा होते, तेव्हा तिथले प्राध्यापक गुणांच्या आधी पाठ्यक्रमच मागतात.

स्वीडनमध्ये पूर्ण पदवी घेतलेल्यांनी लक्षात ठेवावे की पदवी प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. सर्व निकाल नोंदले गेल्यावर त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि ते हाती येण्यास काही आठवडे जातात. भारतात ते वापरताना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा दाखला, मागितले, तर स्वीडनमध्ये ते काम नोटारियस पब्लिकस, म्हणजे नोटरी, करतो. भारतात शासकीय नोकरी किंवा पुढील प्रवेशासाठी परदेशी पदवीची समकक्षता लागते, आणि ते प्रमाणपत्र सध्या कोणती संस्था देते हे आधी पाहावे. या दोन्ही गोष्टी लागतील असे वाटत असेल, तर त्यांची चौकशी स्वीडनमध्ये असतानाच करावी.

ग्रंथालयाची पुस्तके परत करणे किरकोळ वाटते, पण सुट्टीत दंड वाढत राहतो. ते आधी उरकावे.

बँकआयडी सगळ्यात शेवटी

हा भाग वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्यांसाठी आहे. एका सत्रासाठी आलेल्यांना सहसा पेर्सूननुम्मेर, म्हणजे स्वीडिश व्यक्तिक्रमांक, मिळत नाही. तो वर्षभर किंवा अधिक राहणाऱ्यांची नोंदणी झाल्यावर मिळतो. ज्यांना तो मिळाला, त्यांचे सगळे व्यवहार बँकआयडीवर, म्हणजे मोबाईलवरील डिजिटल ओळखपत्रावर, चालतात : घराचा करार, वीज, विमा, मोबाईल, कर, डॉक्टरची वेळ. आणि बँकआयडी बँकेने दिलेला असतो. खाते बंद केले की तो जातो, आणि त्याच्याबरोबर मोबाईलवरून पैसे पाठवण्याची स्विश ही सोय जाते आणि सगळी दारे लागतात. माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थिनीने, हिशेब स्वच्छ ठेवायचा म्हणून, सगळ्यात आधी बँकेचे खाते बंद केले. त्यानंतर इंटरनेटची जोडणी बंद करण्यासाठी, खोलीचे शेवटचे बिल पाहण्यासाठी आणि विम्याचा परतावा मागण्यासाठी तिला प्रत्येक ठिकाणी कागदी पत्र लिहावे लागले, आणि उत्तरे तिच्या रिकाम्या खोलीच्या पत्त्यावर येत राहिली.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी खोलीचा करार संपवण्याची लेखी सूचना द्यावी. तिची मुदत एक महिना असू शकते किंवा तीन, ते करारात पाहावे. मग इंटरनेट, वीज, घरविमा, व्यायामशाळा, मोबाईल यांची सूचना-मुदत पाहून एकेक बंद करावे. त्यानंतर स्काट्टेवेर्केट या कर खात्याला, वर्षभर किंवा अधिक काळासाठी देश सोडत असल्याचे निघण्यापूर्वी कळवावे आणि भारतातील पत्ता द्यावा. व्यक्तिक्रमांक त्याने रद्द होत नाही. तो आयुष्यभर तुमचाच राहतो, पुढे परत आलात तर तोच चालतो. नोकरी केली असेल, तर त्या वर्षाचे करविवरण पुढच्या वर्षी मेच्या सुरुवातीपर्यंत भरायचे असते, आणि जास्त कापलेला कर त्यानंतर परत मिळतो. तो पैसा कोणत्या खात्यात जाणार हे आधी ठरवल्याशिवाय बँकेचे खाते बंद करू नये. बँक परवानगी देत असेल, तर खाते आणि बँकआयडी उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवणेच शहाणपणाचे. खात्याचे सर्व उतारे मात्र निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावेत.

स्वीडनमध्ये रोख पैसा फारसा चालत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात विक्रीतून आलेल्या नोटा हातात पडल्या, तर त्या किराणा दुकानात खर्चून टाकाव्यात.

सुट्टीतले दोन आठवडे

पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारी, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, घराघराच्या खिडकीत सात दिव्यांचा त्रिकोणी दीपस्तंभ आणि कागदी तारा लागतो. आपल्याकडे दिवाळीत आकाशकंदील लागतात तसाच हा प्रकार, आणि संध्याकाळी चारच्या गडद अंधारात विद्यार्थी वसाहतीच्या दहा मजली इमारतीवर तो दिसला, की मन हलके होते. १३ डिसेंबरला लुसिया हा दिव्यांचा सण. पांढरे झगे, कमरेला लाल फीत, पुढच्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट, आणि केशर घातलेले इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचे पाव, ‘लुस्सेकात्तेर’. कॅथेड्रलमधील कार्यक्रमांना तिकीट लागू शकते; पण विद्यापीठाच्या एखाद्या विभागात किंवा ग्रंथालयात सकाळी होणारी छोटी मिरवणूक अनेकदा सर्वांना खुली असते. परीक्षा दुसऱ्या दिवशी असली, तरी हा एक तास काढावा.

नाताळचा मुख्य दिवस इथे २४ डिसेंबर. त्या दिवशी शहर दुपारनंतर अक्षरशः रिकामे होते, बस कमी होतात, आणि सोबतचे स्वीडिश विद्यार्थी तर आठवडाभर आधीच आपापल्या गावी गेलेले असतात. बारा खोल्यांच्या मार्गिकेत तुम्ही आणि आणखी एखादा परदेशी विद्यार्थी, एवढेच उरता. या दिवसांसाठी किराणा २२ तारखेपर्यंत भरावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इमारतीत आणखी कोण राहणार आहे हे आधीच विचारून एक जेवण ठरवावे. घरी फोन करताना हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, हे लक्षात ठेवावे. इथले दुपारचे बारा म्हणजे आईकडे संध्याकाळचे साडेचार, चहाची वेळ. २४ नंतर भेटणाऱ्यांना ‘गूद यूल’ म्हणत नाहीत, ‘गूद फोर्टसेटनिंग’ म्हणतात, म्हणजे पुढचे दिवसही सुखाचे जावोत.

उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहायला किरुना किंवा आबिस्कोला जायचे असेल, तर याच काळात जावे. स्टॉकहोमहून निघणारी रात्रीची गाडी उप्सालाला थांबते. शेवटच्या आठवड्यात मात्र ही सहल ठेवू नये, कारण थंडी वाढली की उत्तरेकडील गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात किंवा रद्द होतात, आणि खोलीच्या तपासणीची वेळ कोणी पुढे ढकलत नाही.

खोली

खोलीच्या सफाईसाठी दोन पूर्ण दिवस धरावेत. हे ऐकून नव्या माणसाला अतिशयोक्ती वाटते. स्वीडनमध्ये जागा सोडताना करायच्या सफाईला स्वतंत्र शब्द आहे, फ्लिटस्टेडनिंग, आणि तिची यादी घरमालकाकडून लेखी मिळते. ती यादी सुट्टीच्या आधी मागून घ्यावी. त्यात झाडणे-पुसणे हे सर्वांत कमी असते : खिडकीच्या दोन काचांमधली धूळ, दिव्याचे झाकण, रेडिएटरच्या मागची भिंत, वायुवीजनाची जाळी, दाराच्या चौकटीचा वरचा भाग, आणि न्हाणीघरातील जमिनीतला निचरा, ज्याला ‘गोल्वब्रुन’ म्हणतात.

या शेवटच्या गोष्टीने मला शिकवले. माझी खोली मी दोनदा पुसली होती, पण निचऱ्याची जाळी उचलता येते हेच मला ठाऊक नव्हते. तपासनिसाने गुडघे टेकून ती उचलली, आतला प्लास्टिकचा पेला बाहेर काढला आणि काही न बोलता कागदावर खूण केली. महिन्याभराने भारतात सफाईचे बिल आले. जाळी उचलावी, पेला काढावा, त्यातले केस आणि साबणाचा थर रबरी हातमोजे घालून काढावा, गरम पाणी ओतावे, पेला पुन्हा घट्ट बसवावा; एवढे दहा मिनिटांचे काम आहे.

सामाईक स्वयंपाकघरात तुमचा खण आणि शीतकपाटातील तुमची जागा रिकामी व स्वच्छ हवी. बर्फ वितळवण्यासाठी शीतकपाट आदल्या रात्री बंद करायचे असेल, तर सर्वांना दोन दिवस आधी सांगावे. हळदीचे डाग ओट्यावर आणि कपाटाच्या पांढऱ्या फळीवर राहतात. ते खाण्याच्या सोड्याने घासून काढावेत, आणि तरीही फिकट पिवळे उरले, तर लपवण्यापेक्षा सांगून टाकावे. कपडे धुण्याच्या सामाईक खोलीची, त्वेटस्टूगाची, शेवटची पाळी दोन आठवडे आधी राखावी, कारण सत्राच्या शेवटी सगळ्यांनाच ती लागते. कचरा वर्गवार टाकावा : कागदी वेष्टन, प्लास्टिक, धातू, रंगीत काच, साधी काच, अन्नकचरा. मोठ्या वस्तू जिन्याखाली ठेवून निघून गेल्यास त्यांचाही खर्च तुमच्याच बिलात येतो. साठवलेल्या बाटल्या आणि डबे किराणा दुकानातील पांत यंत्रात टाकून ठेवीचे पैसे परत घ्यावेत.

सफाई झाल्यावर प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे काढावीत, तपासणीला शक्यतो स्वतः हजर राहावे आणि तपासणीच्या कागदाची प्रत मागून घ्यावी. किल्ल्या परत केल्याची पावतीही घ्यावी. शेवटचे बिल आणि अनामत रक्कम यांसाठी भारतीय पत्ता, ईमेल आणि बँकेचा तपशील लेखी द्यावा.

काय विकावे, काय वाटावे

डिसेंबरमध्ये जुनी सायकल विकायला काढली, तर कोणी विचारत नाही. बर्फात सायकल घेणार कोण. पण वसंत सत्र जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आणि नवे विद्यार्थी त्याच्या काही दिवस आधी येतात. त्यांना सायकल, रजई, कढई, टेबलदिवा, ब्रोद्दार आणि जाड कोट हे सगळे पहिल्याच दिवशी लागते. म्हणून विक्रीची यादी ५ जानेवारीच्या सुमारास विद्यार्थ्यांच्या गटांवर टाकावी, वस्तू १२ ते १५ च्या दरम्यान द्यावी. सायकलबरोबर विकत घेतल्याची पावती किंवा सांगाड्याचा क्रमांक द्यावा, म्हणजे ती चोरीची नाही हे घेणाऱ्याला कळते. कुलूप गोठून बसत असेल, तर कुलपात तेल घालून मगच दाखवावी. उरलेले कपडे मीरोर्ना किंवा रोदा कोर्सेट यांच्यासारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत देता येतात.

मसाले मात्र विकू नयेत. गोडा मसाला, हिंग, पोह्यांचे उरलेले पाकीट हे नव्या सत्रात येणाऱ्या एखाद्या मराठी मुलाला द्यावे; पहिल्या आठवड्यात त्याची किंमत काय असते, ते आपल्याला आठवत असते.

१३ जानेवारी हा स्वीडनमध्ये क्नूतचा दिवस, नाताळपासून मोजलेला २० वा दिवस. त्या दिवशी सजावट उतरवतात आणि झाड बाहेर टाकतात. बहुतेक वर्षी दुसऱ्याच दिवशी आपली संक्रांत. तीळ कोणत्याही किराणा दुकानात मिळतात, गूळ भारतीय किंवा आशियाई दुकानात. मी शेवटच्या आठवड्यात तिळाच्या वड्या करून मार्गिकेतील प्रत्येक दारावर दिल्या होत्या. निरोपासाठी वेगळा समारंभ करण्यापेक्षा हे सोपे जाते, आणि कॉफीबरोबर तिळाची वडी खात स्वयंपाकघरात सगळे तासभर बसतात.

सामान आणि शेवटचा दिवस

टपालाने पुस्तके पाठवणे महाग पडते. ज्यांची डिजिटल प्रत आहे ती विकावीत. आल्याच्या पातळ बिस्किटांचा, पेप्पारकाकोरचा, पत्र्याचा डबाच घ्यावा, पुठ्ठ्याच्या खोक्यातला चुरा होतो. लिंगोनचा मुरंबा आणि चीज कापायची सुरी चेक-इन सामानात, पॉवर बँक आणि लॅपटॉप हातातल्या पिशवीत, आणि पासपोर्ट, निवास कार्ड, गुणपत्रिका, किल्ल्यांची पावती हे सगळे अंगावरच्या पिशवीत. तिकीट निवडताना युरोपातील मधल्या थांब्याला किमान तीन तास ठेवावेत. विमानाच्या पंखांवरील बर्फ काढण्यातच कधी तास जातो.

उप्सालाच्या मध्यवर्ती स्थानकावरून ८०१ क्रमांकाची बस आरलांडा विमानतळाला जाते आणि सुमारे पाऊण तास घेते. रेल्वे लवकर पोचते, पण महाग पडते. लोकल गाडीने गेल्यास विमानतळाच्या स्थानकावर वेगळे शुल्क लागते. पहाटेचे विमान असेल, तर सुट्टीचे वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा पाहावे आणि एक बस आधीची धरावी. चाकांची जड बॅग ताज्या हिमातून ओढता येत नाही, चाके रुततात. थांब्यापर्यंत सोबतीला एक मित्र बोलवावा. आणि जाड कोट बॅगेत भरू नये. बसथांब्यावर पहाटे उणे दहात उभे राहावे लागते, आणि बॅगेचे दोन किलो वाचतात. मुंबईला उतरल्यावर तो हातावर घेऊन बाहेर यावे.